उकळून गार केलेलं पाणी

आठ मेची दुपार. जळगावात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कौतिक भंगाळे सर घरात टेबलाशी बसून मोजणीची कच्ची वही पक्क्या वहीत उतरवत होते, आणि उतरवता उतरवता त्यांचा हात थांबला.

वहीत त्यांच्याच अक्षरात दोन आकडे एकाखाली एक होते. खोलीचं तापमान सदतीस अंश. पाण्याचं तापमान एकोणतीस.

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. आकडे जागचे हलले नाहीत. वरच्या ओळीत वेळ लिहिली होती. पाणी उकळून गॅसवरून उतरवलं, बारा वाजून दहा मिनिटं. मोजणीला सुरुवात, एक वाजता. म्हणजे आठ लिटर उकळतं पाणी, झाकण घालून उतरवलेलं, पन्नास मिनिटांत खोलीपेक्षाही आठ अंशांनी गार झालं होतं.

झाकलेलं पाणी खोलीपेक्षा गार होत नाही, हे आठवीतलं पोरही सांगेल. सरांनी तर तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं.

फैजपूरच्या केळीच्या मळ्यातून आलेला हा माणूस कायम शंकेखोर. कॉलेजातली मुलं म्हणायची, भंगाळे सर घराचं कुलूप तीनदा ओढून बघतात आणि चौथ्यांदा कुलपालाच विचारतात, बाबा रे, लागलंस का? निवृत्तीनंतर त्यांचा जुना विद्यार्थी हितेंद्र यानं त्यांना आपल्या कामात ओढलं. हितेंद्रची माणसं दवाखान्यांतली यंत्रं तपासून देत. त्यातलं एक काम मात्र सरांखेरीज कुणाला धड जमत नसे. सोनोग्राफीच्या यंत्रातून किती ताकदीचा ध्वनी निघतो, ते मोजायचं.

हा ध्वनी कानाला ऐकू येत नाही, पण त्याला जोर असतो. डॉक्टर पोटावर जो प्रोब फिरवतात, तो पाण्यात धरायचा, तोंड खाली करून. खाली तराजूवर रबराची चकती असते. ध्वनी त्या चकतीला ढकलतो आणि तराजूचा आकडा हलतो. किती हलतो? फार तर दोनचार तिळांच्या वजनाइतका. त्या तिळांवरून सांगायचं की पोटातल्या बाळापर्यंत जातंय ते ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही. जास्त ताकद फार वेळ एका जागी राहिली, तर आतलं मांस तापतं.

पाण्यात हवा असून चालत नाही. हवा असली की बारीक बुडबुडे प्रोबच्या तोंडाशी जमतात आणि ध्वनी तिथेच अडतो. म्हणून पाणी आधी उकळायचं, हवा घालवायची, आणि हलू न देता, झाकून, निवू द्यायचं. सर एरवी हे पाणी घरूनच न्यायचे, काठोकाठ भरलेल्या कॅनमधून. पण दोन मेला, म्हणजे वहीतल्या या मोजणीच्या दिवशी, त्यांचा खांदा धरला होता. सोनगीरला जायचं, म्हणजे धुळ्यात बस बदलायची. एवढं ओझं कोण वाहणार? पाणी तिथेच उकळू, असं त्यांनी ठरवलं होतं. यंत्रच जळगावला आणता आलं असतं तर प्रश्न नव्हता, पण सोनोग्राफीचं यंत्र ज्या खोलीत नोंदलेलं असतं, तिथून ते कायद्यानं हलवता येत नाही. यंत्र बसून राहतं, माणसानं आपली टाकी आणि तराजू घेऊन त्याच्याकडे जायचं.

सोनगीरच्या डॉक्टर सुलक्षणाबाईंनी स्वतःहून बोलावलं होतं. यंत्र मध्यंतरी बिघडलं, आतलं एक सर्किट बदलून आलं, आणि तेव्हापासून प्रोब हाताला गरम लागतो, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यातल्या मंजुळाबाईंनी पितळेच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळून दिलं आणि विचारलं, "आते काय करू, नाना?"

"आता गार होऊ द्या," सर म्हणाले.

एवढंच. का, कसं, हे काही सांगितलं नाही. त्या बाईला उभं करून विज्ञान शिकवणं म्हणजे आपली हुशारी मिरवणं, असं त्यांना वाटलं. मग डॉक्टरीणबाईंनी वर जेवायला नेलं. आमरस होता, आग्रह होता, आणि आग्रहाला नाही म्हणणं सरांना जन्मात जमलं नव्हतं. खाली आले तो पाणी गार. बरं झालं, तीनची गाडी मिळेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

आकडा आला तोही कमी. यंत्राच्या पडद्यावर जेवढं दिसत होतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास. "मर्यादेच्या बरंच आत आहे," सरांनी सांगितलं. सुलक्षणाबाईंचा चेहरा खुलला. "सुटले! उगाच मनात पाल चुकचुकत होती." प्रोब गरम का लागतो, असं त्यांनी पुन्हा विचारलं, तर सर म्हणाले, "खोलीच तापलेली आहे, दुसरं काय." आणि सही केली.

आता टेबलाशी बसून सरांनी तो आकडा पुन्हा वाचला. आकडा जास्त आला असता, तर त्यांनी पाणी बदललं असतं, तराजू पुन्हा जुळवला असता, सात वेळा मोजलं असतं. कमी आला म्हणून शंका आली नाही. जन्मभर नको तिथे शंका घेतली, आणि जिथे घ्यायची तिथे आमरस पिऊन सही ठोकली.

त्यांनी हितेंद्रला फोन लावला.

"सर, आकडा कमीच आलाय ना?" हितेंद्र म्हणाला. "जास्त आला असता तर आपली झोप उडायची. कमी म्हणजे सुरक्षितच की."

"यंत्रातून कमी निघतंय असं नाही रे. आपल्या तराजूपर्यंत कमी पोचलं, एवढंच कळतं त्यातून. मधलं पाणीच खोटं असेल तर?"

"असेल. म्हणजे नसेलही. सर, रागावू नका, पण तुम्हाला परवा आपला तराजू तिरपा वाटत होता. त्याच्या आधी थर्मामीटर."

"तो तिरपा होता."

"अर्ध्या केसानं! बरं, पुढच्या आठवड्यात गाडी मोकळी आहे. जाऊन येऊ दोघं."

"उद्या नऊ तारीख आहे, हितेंद्र."

 नऊ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, हे हितेंद्रलाही ठाऊक होतं. सुलक्षणाबाई त्या दिवशी पैसे न घेता सोनोग्राफी करायच्या. आजूबाजूच्या खेड्यांतून तीसचाळीस बायका यायच्या.

"मग डॉक्टरांना फोन करून सांगा, उद्या वापरू नका म्हणावं," हितेंद्र शेवटी म्हणाला. "पण नक्की असल्याशिवाय सांगू नका हं, सर. आपल्या नावाचा प्रश्न आहे."

नक्की! नक्की असतं तर हवं काय होतं.

सरांच्या पत्नी पुष्पाबाई गच्चीवर वाळलेले बिबड्यांचे पापड डब्यात भरायला खाली आल्या, तेव्हा सर फोन हातात धरून तसेच बसलेले.

"काय झालं? तोंड काहून उतरलं?"

सरांनी सांगितलं. पुष्पाबाईंनी सगळं ऐकलं, एक बिबडी मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "मग लावा ना फोन. मूग गिळून काहून बसले?"

सरांनी फोन लावला. पलीकडे लेकरांचं रडणं, बायकांचा गलका. सुलक्षणाबाई घाईत होत्या.

"बोला सर! उद्या बेचाळीस बायकांची नावं आलीत. पण खरं सांगते, तुमचा अहवाल हातात आहे म्हणून निवांत आहे. नाहीतर या वेळी मी नऊ तारीख रद्दच करणार होते. काही काम होतं?"

 संशय आहे म्हणावं, तर त्या विचारणार, कशावरून? आणि पाणी मंजुळाबाईनं बिघडवलं असेल म्हणावं, तर न विचारता, न बघता, एका गरीब बाईच्या डोक्यावर खापर.

"नाही, काही विशेष नाही," ते म्हणाले. "त्या दिवशीचा आमरस... फार छान होता."

पलीकडून हसू आलं, धन्यवाद आले आणि फोन बंद झाला. पुष्पाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"आमरस?" त्या म्हणाल्या. "तुमाले काही लाज?"

सर उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

*

पहाटेच्या पहिल्या बसमध्ये सरांच्या पायाशी टाकी, मांडीवर तराजूची पेटी आणि दोन्ही बगलांना एकेक पाण्याचा कॅन. कॅन काठोकाठ भरलेले, आत बोटभरही हवा नाही. तरी प्रत्येक खड्ड्याला सरांचा जीव खालीवर होत होता.

"बाबा," कंडक्टर म्हणाला, "धुळ्याला पाणी घेऊन चाललात? तिकडे आटलं का?"

"हे उकळलेलं आहे," सर म्हणाले.

"मग अर्धं तिकीट लावू का त्याला?"

बस हसली. सरही हसल्यासारखे झाले. एरंडोल गेलं, पारोळा गेला. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. धुळ्याला आठ, सोनगीरला पावणेनऊ. तपासणी नऊला सुरू होते. पोचायचं, आधी मंजुळाबाईंना हळूच विचारायचं, मग डॉक्टरांना. पण पारोळ्याच्या पुढे रस्त्याचं काम निघालं आणि बस अर्धा तास एका जागी उभी राहिली. धुळ्यात सोनगीरची गाडी समोरून निघून गेली. पुढची मिळून सर दवाखान्याच्या पायऱ्या चढले, तेव्हा पावणेदहा वाजले होते.

पडवी बायकांनी भरली होती. सोनोग्राफीच्या खोलीचं दार बंद. गर्भलिंग निदान केले जात नाही, या पाटीच्या वरचा लाल दिवा पेटलेला. म्हणजे आत कुणीतरी टेबलावर होतं.

दार ठोठवावं? आत बाई उघड्या पोटानं पडलेली असणार. सर दोन पावलं पुढे गेले, एक मागे आले आणि बाकाच्या टोकावर कॅन मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं त्यांना खालवर पाहिलं.

"नाना, नंबर लिधा का?"

"नाही, मी..."

"तुमले कितवा महिना शे?"

सगळा बाक खदखदला. एकीनं तर हसता हसता पोट धरलं. सर कानापर्यंत लाल झाले. लाल दिवा विझला, एक बाई बाहेर आली, दुसरी आत गेली, दिवा पुन्हा पेटला. आपण इथे लाजत बसलोय आणि आत एकेक जण जातेय, हे सरांना कळत होतं. पाय मात्र उचलत नव्हते.

तेवढ्यात मंजुळाबाई दिसल्या. नावांचा कागद घेऊन त्या पलीकडच्या खोलीतून येत होत्या.

"मंजुळाबाई," सर उठून हळूच म्हणाले, "त्या दिवशी ते पाणी... इतक्या लवकर गार कसं झालं हो?"

मंजुळाबाईंचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं.

"मी शे ना, नाना! परातमा वतं, कूलरनं पुढे ठेवं, आनि तांब्याघाई वर-खाले, वर-खाले कयं. लेकरेसले दूध नही का गार करतस? तसंच. तुम्ही घामेघाम व्हयेल व्हतात, तुमनी गाडी तीनले. मी म्हनं, म्हातारा मानूस, कितला येळ वाट दखी?"

परातीत ओतून तांब्यानं वर-खाली. उंचावरून धार धरून, फेस येईपर्यंत. उकळून काढलेली सगळी हवा बाईनं मायेनं परत पाण्यात घातली होती. आणि कूलरपुढे गार झालेलं ते पाणी तापलेल्या खोलीत आलं, तशी हवा बुडबुड्यांनी सुटून प्रोबच्या तोंडाशी बसली. आकडा निम्म्यावर येणार नाही तर काय?

"काय व्हयनं, नाना? काही चुकनं का?"

सर उत्तर द्यायला थांबले नाहीत. त्यांनी दार ठोठावलं. एकदा हळू. मग जोरानं.

आतून सुलक्षणाबाईंचा वैतागलेला आवाज आला, "कोण आहे? दिवा दिसत नाही का?"

"मी भंगाळे. डॉक्टर, हात थांबवा. प्रोब उचला पोटावरून."

पडवीतलं हसणं बंद झालं. दार किलकिलं झालं. सुलक्षणाबाई हातमोजे घातलेल्याच बाहेर आल्या आणि दार मागे ओढून घेतलं.

"सर? आज? काय झालंय?"

"माझी त्या दिवशीची मोजणी चुकली आहे. आकडा खरा नाही. खरा किती, मला माहीत नाही. जास्त असू शकतो."

"काल तुम्ही फोन केला होता."

"हो."

"आमरस छान होता म्हणालात."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"संशय होता," सर म्हणाले. त्यांना जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. "सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

सुलक्षणाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर असं पाहिलं, की सरांना कॉलेजातला पहिला दिवस आठवला. मग त्या वळल्या आणि मंजुळाबाईंना म्हणाल्या, "आतल्या बाईला बाहेर घे. बाकीच्यांना बसवून ठेव. आज सकाळपासून सहा झाल्या, आता बास."

*

खोली रिकामी झाली. सरांनी टाकी टेबलावर मांडली, तराजू जुळवला, थर्मामीटर लावला. कॅनला नळी जोडून नळीचं तोंड टाकीच्या तळाशी धरलं आणि पाणी सावकाश, धार न होऊ देता सोडलं. मंजुळाबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"असं व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माले काय माहीत."

"तुम्हाला माहीत कसं असणार? मी सांगितलंच नव्हतं," सर म्हणाले. "पंखा बंद करा. कूलरही."

वाऱ्यानं तराजूचा आकडा हलतो. पंखा थांबला आणि खोली भट्टीसारखी झाली. सुलक्षणाबाईंनी प्रोब दोन बोटांनी धरून सरांच्या हातात दिला. सरांनी तो पाण्यात बुडवला, खालून छोटा आरसा घातला आणि बॅटरी मारून त्याचं तोंड बघितलं. स्वच्छ. एकही बुडबुडा नाही. तरी पुन्हा बघितलं.

"रक्तप्रवाह बघता ना, ती सेटिंग लावा. त्यात सगळ्यात जास्त निघतं."

सुलक्षणाबाईंनी बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राचा स्वतःचा अंदाज उमटला, आत किती तापेल त्याचा. शून्य पूर्णांक नऊ. कारखान्याच्या कागदाप्रमाणे एवढ्याला तराजूवर साडेपाच मिलिग्रॅम यायला हवे होते. दोन मेला तीनसुद्धा आले नव्हते.

आकडा उडी मारून थांबला. दहा पूर्णांक आठ.

"बंद करा. पुन्हा."

दहा पूर्णांक सात. पुन्हा. दहा पूर्णांक नऊ. सरांनी प्रोब काढला, पुसला, परत बुडवला, आरसा घातला, पुन्हा पाच वेळा मोजलं. घाम भुवयांवरून वहीवर ठिबकत होता. अकराच्या पुढे गेला नाही, साडेदहाच्या खाली आला नाही.

"यंत्र जे सांगतंय, त्याच्या जवळजवळ दुप्पट सोडतंय," ते म्हणाले. "पडद्यावर नऊ दशांश दिसतंय, ते खरं पाहता पावणेदोनच्या आसपास आहे. प्रोब तुमच्या हाताला गरम लागत होता, ते बरोबर होतं."

"म्हणजे बदलून आलेलं सर्किट?"

"बहुतेक. ते कंपनीनं सांगायचं. मी एवढंच सांगू शकतो की हा आकडा खरा आहे."

सुलक्षणाबाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. कुठल्या आकड्याला किती मिनिटं, ते त्यावर लिहिलेलं होतं. एकच्या आत असेल तर तासभरसुद्धा चालतं. पावणेदोनला पंधरा मिनिटं. त्यांनी नोंदवही ओढली आणि दोन तारखेपासूनची नावं बोटानं बघत गेल्या. आजच्या धरून सतरा. बहुतेकींचं काम साध्या सेटिंगवर, सातआठ मिनिटांत आटोपलेलं. बोट एका नावावर थांबलं.

"रत्ना. मंगळवारी. बाळाची वाढ कमी वाटली म्हणून रक्तप्रवाह बघत बसले. एकवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "नऊ दशांश दिसतंय म्हणून घाई केली नाही. आज पुन्हा बोलावलंय तिला. बाहेर बसली आहे."

 सरांनी पेन काढलं आणि कोऱ्या कागदावर लिहिलं. दोन मेचा अहवाल रद्द. कारण, पाण्यातली हवा गेल्याची खात्री मोजणाऱ्यानं केली नाही. खाली आजचे आकडे, खाली सही. मंजुळाबाई कागदाकडे टक लावून होत्या.

"मनं नाव लिखं का?"

"नाही. तुमचं नाव कशाला? मोजणारा मी."

सुलक्षणाबाईंनी यंत्राची वायर भिंतीतून उपटली. "रत्नाला मी सांगते," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "नाही सर. तुम्हीही चला."

अनोळखी बाईशी दोन वाक्यं बोलायची, तर सर आदल्या दिवसापासून जुळवत बसायचे. पण ते उठले.

रत्ना पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. वीस-बावीस वर्षांची, काटकुळी. मघाशी कितवा महिना विचारणारी ती हीच. सर तिच्यासमोर उकिडवे बसले, कारण उभ्यानं सांगणं त्यांना बरं वाटेना.

"बाई, मंगळवारी तुमच्या पोटावर जे यंत्र लावलं, ते जास्त जोरानं चालत होतं. पंधरा मिनिटांच्या वर लावायला नको होतं, ते एकवीस मिनिटं लागलं. यंत्र ठीक आहे म्हणून डॉक्टरांना मी लिहून दिलं होतं. माझं मोजणं चुकलं."

रत्नाचा हात पोटावर गेला.

"मना पोऱ्याले काही व्हई का?"

"काही होणार नाही, असं मला वाटतं. एवढ्या पाचसहा मिनिटांनी कुणाचं बिघडल्याचं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पण शपथेवर सांगू का, तर नाही सांगता येणार. मर्यादा ठरलेली असते आणि ती माझ्यामुळे ओलांडली गेली."

रत्नानं पदर पोटावर ओढून घेतला. 

"तुम्ही नही सांगतात, ते आम्हले समजतं का?"

"नाही."

"मंग सांगं कसाले?"

 मोठं काहीतरी बोलावं असं सरांच्या ओठांवर आलं आणि परत गेलं.

"आज पुन्हा तुमचा नंबर होता म्हणून," ते म्हणाले.

सुलक्षणाबाई पुढे झाल्या. बाकीच्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल, पण रत्नाची वाढ आजच बघायला हवी, धुळ्याला मैत्रिणीच्या सेंटरवर चिठ्ठी देते, असं त्यांनी सांगितलं. रत्नानं चिठ्ठी हातात घेतली, पण उठली नाही.

"तठलं मशीन कोनी मोजेल शे?"

डॉक्टरीणबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हतं.

"मंग मी कशी जाऊ?" रत्ना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

"माझ्याकडे पाण्याचा एक कॅन अजून भरलेला आहे," सर म्हणाले, आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं.

*

धुळ्याच्या डॉक्टरांचं यंत्र सहा महिन्यांचं होतं. "मैत्रिणीनं फोन केला म्हणून येऊ दिलं हं," त्या सरांना म्हणाल्या. "नव्या यंत्राला काय होणार आहे? बाहेर माझे पेशंट खोळंबलेत."

एरवी सर एवढ्यावर नमस्कार करून निघाले असते. त्यांनी मागे पाहिलं. रत्ना बाकावर बसली होती, चिठ्ठीची बारीक घडी घालत.

"चाळीस मिनिटं लागतील," सर म्हणाले. "त्याआधी तिला आत घेऊ नका."

पस्तीस मिनिटं लागली. हे यंत्र पडद्यावर जे सांगत होतं, तेवढंच तराजूवर दाखवत होतं, दहाव्या हिश्शाच्या फरकानं. सरांनी दोनदा मोजून तिसऱ्यांदा मोजलं, आणि चौथ्यांदा मोजायचा मोह आवरून बाहेर आले. रत्ना आत गेली. लाल दिवा पेटला.

सर घड्याळ हातात धरून दारासमोर उभे राहिले. पाच मिनिटं. सात. आत कुणी काही बोलत नव्हतं आणि हे न बोलणं चांगलं की वाईट, ते त्यांना कळेना. नऊ. बोलणं ऐकू आलं, पण शब्द लागले नाहीत. अकराव्या मिनिटाला दिवा विझला.

रत्ना पदर सावरत बाहेर आली.

"वाढ शे म्हने," ती म्हणाली. "थोडी कमी शे. पंधरा रोजनंतर परत बलायेल शे." मग तिनं त्यांच्या हातातलं घड्याळ पाहिलं. "नाना, तुम्ही सकायथून उभाच शेतस का? काही खाधं का नही?"

सरांनी आधी वही उघडली, अकरा मिनिटं असं लिहिलं, आणि मग नाही म्हणून मान हलवली.